भाच्याला आइस हॉकीच्या टीमने उचललंय. पाठवावं का?

गोदाकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून 'क्रीडा'त टाकतोय. संपादकांना वाटलं तर 'घरगुती कटकटी'त हलवा.

माझी ताई अठरा वर्षं कॅनडात आहे, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. तिचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. आम्हाला वाटायचं, आपली पोरं स्केटिंगला जातात तसंच हे, दहावी आली की सुटेल. परवा ताईचा फोन आला. ओएचएल म्हणून तिकडे ज्युनियरांची मोठी लीग आहे, तिच्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत एका टीमने त्याचं नाव पुकारलं. टीमचं गाव घरापासून पाच तासांवर. ऑगस्टअखेर कॅम्प. टिकला तर तिथेच राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. आणि राहायचं कुणाकडे? तर टीम ठरवून देईल त्या एका कुटुंबाच्या घरी. सोळा वर्षंसुद्धा अजून पुरी नाहीत, नोव्हेंबरात होतील.

आई माझ्याकडे असते, गंगापूर रोडला. तिने ऐकलं आणि हातातली भाजी तशीच ठेवून उठली. "लोकांच्या घरी पोरगं ठेवायचं? तेही खेळासाठी?" दाजी म्हणतात इंजिनियरिंगचं काय. ताई म्हणते तुम्ही सगळे विचार करून सांगा. सगळे म्हणजे मी, कारण मी 'नेटवर असतो'.

पोराचं वेड मी पाहिलंय. गेल्या डिसेंबरात इथे आला होता. रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून स्टिकला काळी टेप गुंडाळायचा, टाचेकडून टोकाकडे, एकावर एक अर्धी चढवत, आणि मग मेणाचा तुकडा घासायचा. एवढ्या निगुतीने त्याने कधी वहीला कव्हर घातलं नसेल. एके दिवशी आईने फ्रीजरमधून मटार काढायला हात घातला तर बूटपॉलिशची डबी! ती माझ्यावर डाफरली. डबी नव्हती, पक होता, या हॉकीत चेंडूच्या जागी असतो तो. भरीव रबर, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन १७० ग्रॅमच्या आत. गार केला की कमी उसळतो म्हणे, सामन्याचे पकही गोठवूनच आणतात. त्यानंतर बी विंगच्या भिंतीचा गिलावा गेला ती वेगळी कथा.

तर प्रश्न असा: हा धंदा चालतो कसा? त्यात किती वर्षं निघतात? आणि नाही जमलं तर पोरगं परत कुठल्या दाराने घरात येतं?

उसळ_तर्री_पाव

'उचललंय' वाचून पोलीस आठवले. घाबरतच धागा उघडला.

बाकी सरावासाठी ब्रॅम्प्टन कशाला? जानेवारीत निफाडला पाठवा. 'नाशिक गारठले, निफाडचा पारा घसरला' ही बातमी दरवर्षी असतेच.

द्राक्षवाला

हसा लेको. तो पारा घसरतो त्या रात्री आम्ही झोपत नाही. पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं पाणी सोडतो, कारण मणी तडकले की वर्ष गेलं. मामा, तुमच्या भाच्याला मनापासून शुभेच्छा, पण निफाडात बर्फ मागू नका.

मिसिसागाची_मनू

मी इथेच राहते, ताईंपासून वीस मिनिटांवर. माझा मोठा बारा वर्षं हॉकी खेळला, पंधराव्या वर्षी सोडली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, ड्राफ्ट ही नोकरी नव्हे. त्या वर्षी सोळा पुरी करणाऱ्या पोरांमधून ओएचएलच्या वीस टीम आपापली नावं घेतात. याचा अर्थ एवढाच की ओएचएलमध्ये खेळलास तर आमच्याकडून. सातव्या फेरीचं पोर कॅम्पला जातं, चार दिवस मोठ्यांच्या धडका खातं, आणि बहुतेक वेळा 'छान, अजून एक वर्ष घरी खेळ' असं ऐकून परत येतं. आजींनी आत्ताच भाजी टाकून उठायची गरज नाही.

टिकला तर मात्र खरा संसार सुरू. ६८ साखळी सामने, शिवाय प्लेऑफ. सप्टेंबर ते मार्च, बरेचसे शुक्रवार-शनिवार-रविवारी. रात्री दीडला बस गावात परत येते आणि सकाळी शाळा असते. या लीगमध्ये १६ ते २० वयाची पोरं. अठराव्या वर्षी एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट: ३२ टीम, सात फेऱ्या, म्हणजे जगभरातून २२४ नावं. नाव आलं तरी बहुतेकांना लगेच एनएचएल दिसत नाही. आधी एएचएल, म्हणजे खालची लीग. तिथे दोन-तीन वर्षं, आणि वर कुणी जखमी झालं की रात्री फोन येतो, सकाळचं विमान पकड.

आईबापांची बाजू कुणी सांगत नाही. सरावाला पहाटे साडेपाचचा बर्फ मिळतो, कारण चांगल्या वेळा आधीच गेलेल्या असतात. बाहेर उणे वीस. स्टिक तीनशे डॉलरच्या आसपास आणि ती एका फटक्यात मोडू शकते. पोराची मोडली की त्याच्याआधी बापाचा चेहरा बघावा. आणि हॉकीच्या बॅगेचा वास! ओला घाम, रबर, कातडं, सगळं एका बॅगेत चेपून बंद. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गॅरेजमध्ये उंदीर मेलाय म्हणून दोन दिवस शोधत होत्या.

सरळसोट

माफ करा, पण कुणीतरी गणित मांडायला हवं. ३२ टीम, प्रत्येकी २३ खेळाडू, म्हणजे ७३६ खुर्च्या. त्याही रिकाम्या नाहीत, त्यावर लोक बसलेत. कॅनडाच्या तीन ज्युनियर लीग मिळून साठेक टीम, शिवाय अमेरिकेची कॉलेजं, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेक. लोकसेवा आयोग परवडला. तिथे निदान दात शाबूत राहतात.

आणि 'वेड आहे' हे कारण मला पटत नाही. सोळाव्या वर्षी मलाही ऑर्केस्ट्राचं वेड होतं.

उसळ_तर्री_पाव

सरळसोटराव, ऑर्केस्ट्रात काय वाजवायचात?

सरळसोट

खुळखुळा. विषयाला धरून राहा.

जुना_ऑफस्पिनर

सरळसोट यांच्याशी निम्मा सहमत. मी जिल्ह्याकडून गोल्फ क्लब मैदानावर बरंच क्रिकेट खेळलो, पुढे रणजीच्या संभाव्यांपर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. आज बँकेत आहे. पश्चात्ताप नाही. एकच सांगतो: मला 'तू होणार नाहीस' हे स्पष्ट कुणी सांगितलंच नाही. 'पुढच्या वर्षी बघू' यात सहा वर्षं गेली. मनूताई लिहितात तसं कॅम्पमधून तोंडावर परत पाठवत असतील तर ती मला मोठी माणुसकी वाटते.

पण खुर्च्या मोजून कुणी खेळाडू होत नाही हेही खरं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, प्यायला पाणी मिळायची मारामार. तो सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं. कुठल्या गणितात बसतं हे?

सरळसोट

बसतं. दोन नावं सांगता आली याचाच अर्थ दोन.

कंप्रेसरवाला_पिंपळगाव

मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण बर्फ हा माझा विषय आहे म्हणून राहवत नाही. आमचं द्राक्षांचं प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याकडे एडमंटनला गेलो होतो, सगळे धबधबे बघायला निघाले आणि मी म्हटलं मला रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची मशीनरूम दाखवा. आत शिरलो आणि घरी आल्यासारखं झालं. तोच अमोनिया, तसलेच कंप्रेसर, तोच घशाशी येणारा वास. अमोनिया मिठाच्या पाण्याला थंड करतो, ते पाणी काँक्रीटमधल्या पाइपांमधून मैलोनमैल फिरतं आणि वर पाण्याचे पातळ थर गोठवत नेतात. पूर्ण बर्फ किती जाड असेल? इंच-सव्वा इंच! त्यातच पांढरा रंग, त्यातच रेघा. एवढ्याशा पापुद्र्यावर शंभर किलोचे गडी आदळतात.

मध्यंतरात जी गाडी फिरते ती झँबोनी. ती बर्फाचा साल काढते आणि मागून गरम पाणी सोडते. हो, गरम. त्यात हवा कमी विरघळलेली असते, त्यामुळे बर्फ टणक आणि नितळ होतो. फ्रँक झँबोनी मूळचा बर्फाच्या लाद्या बनवणारा, कॅलिफोर्नियाचा. घरोघरी फ्रीज आले, लाद्यांचा धंदा बसला, तर गड्याने स्केटिंगचं रिंक काढलं आणि १९४९ साली हे यंत्र बनवलं. आमच्याकडे द्राक्षाचा भाव पडला की लोक बेदाणा करतात, तसलं डोकं.

रात्रपाळी_सातपूर

झँबोनी निघालीच आहे तर डेव्हिड आयर्स सांगितल्याशिवाय जाऊ नका. २२ फेब्रुवारी २०२०, टोरांटोत एनएचएलचा सामना. पाहुण्या कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर जखमी. तेव्हाचा नियम असा की अशा वेळी मैदानात हजर असलेला राखीव गोलकीपर, कुठल्याही टीमचा नसलेला, पॅड बांधून उतरायचा. तो होता आयर्स, वय ४२, एकेकाळी रिंकवर झँबोनी चालवणारा. त्याआधी आईची किडनी घेऊन प्रत्यारोपण झालेलं. पहिले दोन फटके आत गेले. नंतरचे आठ त्याने अडवले आणि कॅरोलायना ६-३ जिंकली. विजय त्याच्या नावावर नोंदला गेला.

एनएचएलमधली त्याची कारकीर्द अर्ध्या तासाचीही नाही. आम्ही शिफ्टमध्ये मोबाईलवर ही गोष्ट पाहिली आणि तिघं जण गप्प बसून राहिलो.

ताक_पिणारी

हा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी. बाकी प्रश्न बाजूलाच राहिला म्हणा.

गोदाकाठचा_मामा

सगळ्यांचे आभार, रात्रपाळीवाल्यांचे विशेष. मनूताई, दोन शंका. पैसे खरंच मिळतात का, म्हणजे पहिल्या दिवसापासून? आणि दाजी विचारतात की ओएचएल खेळला तर कॉलेजचं दार बंद होतं असं त्यांनी ऐकलंय.

मिसिसागाची_मनू

दाजींनी ऐकलंय ते परवापरवापर्यंत खरं होतं. ओएचएलचा एक सामना खेळला तरी अमेरिकेच्या कॉलेज हॉकीत त्याला व्यावसायिक धरून बाहेर ठेवायचे. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच पोरांना हा रस्ता की तो, असं ठरवावं लागे. आमच्या घरात यावरून तीन महिने अबोला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळूनही तिथल्या कॉलेजात खेळता येतं. शिवाय ओएचएल स्वतःही जेवढे हंगाम खेळाल तेवढ्या वर्षांची पुढच्या शिक्षणाची फी देते. ताईंना सांगा, सही करण्याआधी हे कलम तीनदा वाचा: ते पैसे किती वर्षांत वापरावे लागतात आणि मधेच व्यावसायिक करार केला तर काय होतं. गोल किती केले हे पोरगं बघेल, हे आपण बघायचं.

पैशाचं: ज्युनियरमध्ये खर्चापुरता भत्ता. एनएचएलमध्ये मात्र २०२५-२६ ला कमीत कमी पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर. ऐकून डोळे फिरतात. पण नवख्यांचा करार बहुतेक दुपदरी असतो. वर खेळलेल्या दिवसांचे वरच्या दराने, खाली एएचएलमध्ये असलात तर खालच्या, आणि हा फरक फार मोठा. कर कापला जातो, एजंट घेतो, आणि खेळाडू-मालक यांनी उत्पन्न निम्मं-निम्मं वाटायचं ठरलेलं असल्यामुळे पगारातला काही भाग आधी रोखून ठेवू शकतात, हिशेब जुळला की मग परत.

फौजी_देवळाली

मी तोफखान्यात होतो, तीन हिवाळे लेहला काढले. तिथे हा खेळ पहिल्यांदा पाहिला. साडेअकरा हजार फूट, तळं गोठलेलं, आणि पोरं अशी खेळतात की बघणारा धापा टाकतो. जुने लोक सांगायचे, सुरुवातीला फौजी बुटांनाच लोखंडी पाती ठोकून खेळायचे. लडाख स्काउट्स या सैन्याच्या पलटणीची टीम म्हणजे देशात दबदबा. पण निसर्गाचा बर्फ दोन-अडीच महिने. मार्च आला की मैदानाचं पाणी.

सांगायचं हे की तिथली पोरं आमच्या डोळ्यांदेखत इतकी तरबेज, पण त्यांची कारकीर्द म्हणजे सैन्यातली किंवा आयटीबीपीतली नोकरी. खेळाने नोकरी दिली, खेळ हीच नोकरी नाही. तुमच्या भाच्याला ड्राफ्ट नावाची गोष्ट मिळाली, हेच लेहच्या पोराला स्वप्नात दिसत नाही.

स्केटिंग_सर_सिडको

सर म्हणतात, पण मी दुपारी रेडिमेडचं दुकान चालवतो. संध्याकाळी सिमेंटच्या रिंगवर चाळीस पोरं. हा धागा वाचून उद्या तीन पालक विचारणार, 'सर, आइस हॉकी घेता का?' म्हणून आधीच लिहून ठेवतो. चाकावरून बर्फावर गेलेलं पोर पुढे जायला तासाभरात शिकतं, थांबायला शिकत नाही. बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबतात, चाकाने तसं केलं की तोंडावर. सरावासाठी आपल्याकडे रिंक म्हणजे मुख्यतः गुरुग्रामला मॉलमधलं, शिमल्याचं उघड्यावरचं, आणि देहरादूनचं मोठं. ते २०११ ला बांधलं, मग वर्षानुवर्षं बंद, २०२५ ला पुन्हा सुरू झालं. नाशिकहून कुठलंही गाठायचं तर रजा टाकावी लागते.

प्राजक्ता_इंदिरानगर

मुलींसाठी काही आहे का यात? माझी लेक सरांच्याच रिंगवर असते.

फौजी_देवळाली

आहे की. भारताच्या मुलींनी २०१६ ला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय, आणि २०२५ ला अल ऐनच्या आशिया कपात ब्राँझ. बहुतेक सगळ्या लडाखच्या. उत्तर अमेरिकेत मुलींची नवी व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पगार मात्र पुरुषांच्या जवळपासही नाहीत.

डॉ_अवांतर

मेंदूचा विषय कुणी काढत नाहीये म्हणून काढतो. मी न्यूरोचा नाही, पण अपघात विभागात वीस वर्षं आहे. हाडं जुळतात, दात बसवता येतात. डोक्याला मार लागल्यावर पुरतं बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा वाईट. सिडनी क्रॉस्बी खेळातला सर्वोत्तम असताना जानेवारी २०११ मध्ये असाच महिनोन्महिने बाहेर बसला. त्याच वर्षी डेरेक बूगार्ड २८ व्या वर्षी गेला. त्याचं टीममधलं काम मुख्यतः मारामारीचं, कारण एनएचएलमध्ये मारामारीला सहसा पाच मिनिटं बाहेर बसणं एवढीच शिक्षा. मरणोत्तर तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवार मार बसल्याचा आजार सापडला. दुसरं, गळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सनचा गळा स्केटच्या पात्याने कापला आणि तो वाचला नाही. तेव्हापासून गळपट्ट्याबद्दल लोक गंभीर झालेत.

पाठवू नका असं म्हणत नाही. पण पोराला हे शिकवून पाठवा की डोकं दुखतंय हे सांगणं म्हणजे रडूबाईपणा नाही.

मिसिसागाची_मनू

डॉक्टर, माझ्या मुलाने सोडली ती याच कारणाने. दुसऱ्या वेळी त्याला तीन दिवस उजेड सहन होत नव्हता. कोच चांगला होता, त्यानेच थांबवलं. आम्ही मात्र पहिल्या वेळी 'सामना आहे ना उद्या' म्हणालो होतो. ते अजून बोचतं.

तेव्हा एक लक्षात आलं की वयाचा घोळही यात असतो. इथे वर्षाची रेघ ३१ डिसेंबरला. जानेवारीचं पोर आणि नोव्हेंबरचं पोर एकाच गटात, आणि बाराव्या वर्षी दहा महिन्यांनी मोठं म्हणजे डोक्याने उंच. मोठं दिसतं म्हणून निवडलं जातं, निवडलं म्हणून चांगला कोच मिळतो. रॉजर बार्न्सले नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच हे दाखवलं होतं की वरच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी. मामा, तुमचा भाचा नोव्हेंबरचा असून सातव्या फेरीत आला ही साधी गोष्ट नाही.

ताक_पिणारी

आमच्याकडे शाळेसाठी मुलाच्या जन्मतारखेत फेरफार करणारे काका होते. दूरदृष्टी!

हॅट्ट्रिक_हेमू

सातव्या फेरीची थट्टा नको. एनएचएलच्या २००० च्या ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, सातव्याच फेरीत. न्यूयॉर्कच्या गोलात पंधरा हंगाम उभा राहिला. मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ इंच, त्याला कुणी ड्राफ्टच केलं नाही. २००४ ला सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, एकाच वर्षी.

आणि आपल्या रक्ताची पोरंही आहेत हो. रॉबिन बावा १९८९ ला एनएचएलमध्ये उतरला, भारतीय वंशाचा पहिला. एकूण ६१ सामने. मॅनी मल्होत्रा मिसिसागाचाच, १९९८ ला सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि ९९१ सामने खेळला. २०११ ला डोळ्यावर पक बसला, दृष्टी कायमची अधू झाली, तरी त्याच मोसमात फायनलला परतला. पुढे कोच झाला. अर्शदीप बैन्सला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही, तर विसाव्या वर्षापर्यंत ज्युनियर खेळून २०२१-२२ ला कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये सगळ्यांत जास्त ११२ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. २०२५ ला एएचएलचा कॅल्डर कप जिंकलेल्या अ‍ॅबट्सफर्डच्या टीममध्ये कोच मल्होत्रा आणि खेळाडू बैन्स.

रात्रपाळी_सातपूर

पंजाबीत कॉमेंट्रीही सुरू झाली, २००८ ला. बोनिनो नावाच्या खेळाडूच्या गोलवर हरनारायण सिंग यांचं 'बोनिनो बोनिनो बोनिनो' ऐका एकदा. मराठीत कधी?

उसळ_तर्री_पाव

घ्या: "पक घेऊन निघालाय... डावीकडून काढला... एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं... आणि अरे अरे अरे, द्वारका सर्कलला अडकला! चारही बाजूंनी घुसलेत, कुणी कुणाला जाऊ देईना! पंच शिट्टी वाजवून थकले, पान खायला गेले!"

कॉलेजरोड_काकू

मी उशिरा आले, पण मूळ प्रश्नाकडे येते, कारण आजींची अडचण मला कळते. खेळ आणि पैसा राहू द्या. 'लोकांच्या घरी पोरगं' हे त्यांना टोचतंय.

माझे सासरे पेठ तालुक्यातून नाशिकला शिकायला आले ते बाराव्या वर्षी. पंचवटीत एका वाड्यात पडवीत झोपायचे आणि वार लावून जेवायचे. सात घरं, सात वार. मंगळवारच्या घरी ताक इतकं पातळ की त्यात वाटीचा तळ दिसे, असं हसत सांगायचे. शनिवारच्या घरी उपास, म्हणून मूठभर दाणे आणि गूळ. गुरुवारच्या काकू मात्र पोळीवर तूप लावून दुमडून खिशात द्यायच्या, संध्याकाळसाठी. सासरे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, पण दर दिवाळीला गुरुवारच्या काकूंना साडी जायची. काकू गेल्या त्या वर्षी सासऱ्यांनी सुतक पाळलं.

कॅनडावाले वेगळं काय करतात? एकच घर आणि आठवडाभर जेवण. टीम त्या घराला थोडे पैसे आणि सामन्यांची तिकिटं देते म्हणे. मी नातवाकडून जरा माहिती काढली. तो वेन ग्रेट्स्की, ज्याचे ऐंशीच्या दशकातले बरेच विक्रम अजून शाबूत आहेत, तोही चौदाव्या वर्षी घर सोडून टोरांटोत दुसऱ्या कुटुंबात राहिला होता. आणि क्रॉस्बी पिट्सबर्गला गेला तेव्हा लाखो डॉलर मिळत असूनही टीमचा मालक मारिओ लेम्यूच्या घरी, त्याच्या बायकापोरांत, पाच वर्षं राहिला. अठरा वर्षांच्या पोराला बंगला परवडतो, पण रात्री घरी आल्यावर 'जेवलास का' विचारायला कुणीतरी लागतं.

आजींना सांगा, घर कुठलं ते विचारा. गुरुवारचं की मंगळवारचं.

जुना_ऑफस्पिनर

काकू, साष्टांग.

सरळसोट

काकूंचा प्रतिसाद चांगला आहे. माझं गणित मात्र तसंच उभं आहे.

गोदाकाठचा_मामा

काकूंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे आजोबाही वार लावून शिकले, रविवार कारंजावर. तुला कुणी सांगितलं नाही?" मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

काल ताईला तिने स्वतः फोन लावायला सांगितला. अटी अशा: त्या घरच्या बाईंशी एकदा व्हिडिओवर बोलणार, मग भाषा येवो न येवो. पोराला वरण-भात करता आला पाहिजे. डोकं दुखलं तर त्याच दिवशी आजीला फोन, कोचच्या आधी. दाजींनी शिक्षणाच्या कलमाची प्रिंट काढून अधोरेखित केली आहे. कळवतो.

गोदाकाठचा_मामा

(सप्टेंबर) कळवायचं राहून गेलं. मनूताईंनी लिहिल्याप्रमाणेच झालं. पाच दिवस कॅम्प, दोन सराव सामने, मग कोचने खोलीत बोलावलं. खांद्यात अजून ताकद हवी, यंदा घराजवळच्या ज्युनियर टीमकडून खेळ, पुढच्या ऑगस्टला ये. फोनवर तो रडेल वाटलं होतं, तर तो मला अर्धा तास सांगत होता की एकोणीस वर्षांच्या एका बचावपटूने त्याला कसा कडेच्या बोर्डावर चिकटवला, आणि तिसऱ्या वेळी त्याने त्यालाच कसं हुलकावलं. धडकेचा आवाज तोंडाने काढून दाखवला. जुना ऑफस्पिनर, तोंडावर सांगणं ही माणुसकी, हे तुमचं वाक्य त्याला सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही.

आता एक नवी कटकट. आईने 'त्या घरच्या बाईंसाठी' गोडा मसाला, भाजणी आणि चिवडा बांधून ठेवला होता. दीड किलो. बाई तर यंदा नाहीत, मग तो ताईकडेच जाऊ दे म्हणते. कुरियरचा दर ऐकून मी खुर्चीत बसलो. ब्रॅम्प्टनकडे कुणी जाणार आहे का?

मिसिसागाची_मनू

मी सध्या आईकडे आलेय, नाशिक रोडला. २३ ला परत. बॅगेत दोन किलो जागा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. चिवडा पोचेल की नाही याची खात्री देत नाही.